सात अंकांचा विष्ठा-तक्ता आणि त्यात न मावणारी आव

माझ्या कुत्रीची, सोनीची, शी दिवसातून दोनदा उचलण्याचे काम मी ती घरी आल्यापासून, म्हणजे सात वर्षे, करीत आहे. ती नीट पाहण्याचे काम मात्र गेल्या दीड वर्षातले आहे. लसीकरणासाठी दवाखान्यात गेले असताना डॉक्टरांनी विचारले, "शी कशी होते?" आणि मी "बरी होते" एवढेच उत्तर दिले. बरी म्हणजे घट्ट की सैल, उचलल्यावर जमिनीवर काही राहते का, कालची आणि आजची सारखी होती का, असे त्यांनी पुढे विचारले, तेव्हा यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. निघताना त्यांनी प्लास्टिकचे आवरण चढवलेला एक तक्ता माझ्या हातात दिला आणि महिनाभर रोज अंक लिहून ठेवण्यास सांगितले. त्या तक्त्याचे आणि त्याला जोडून करून घ्याव्या लागलेल्या विष्ठा-तपासणीचे हे परीक्षण आहे.

तक्ता एका पानाचा आहे. त्यावर सात छायाचित्रे असून प्रत्येकाखाली दोन-तीन ओळींचे वर्णन आहे. पहिला अंक म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे, कोरडे, कडक खडे, जे बाहेर टाकायला कुत्र्याला कुंथावे लागते. दुसरा म्हणजे घट्ट पण दाबल्यास लवणारी, जागोजागी खाचा पडलेली विष्ठा, जी उचलल्यावर जमिनीवर जवळजवळ काहीच राहत नाही. तिसरी लांबट आणि ओलसर, खाचा फारशा नसलेली. ती उचलताना आकार टिकतो, पण जमिनीवर पातळ थर राहतो. चौथीला आकार असतो, मात्र ती इतकी ओली असते की हात लागताच मोडते. पाचवी लांबट न राहता ढिगासारखी पडते, सहावीचा चिखल होतो आणि सातवी म्हणजे निव्वळ पाणी. दुसरा अंक आदर्श मानला आहे. तिसरा अंक एखाद्या दिवशी आला तर काळजीचे कारण नसते.

या तक्त्याचा सर्वांत मोठा गुण छायाचित्रांत नसून "उचलताना काय होते" या एका प्रश्नात आहे, हे मला दुसऱ्या आठवड्यात कळले. छायाचित्राशी ताडून पाहिले की घरातल्या दोन माणसांचे दोन अंक होत. यजमान तीन म्हणत तेव्हा मी चार म्हणत असे, आणि दोघांनाही आपले खरे वाटे. पुढे आम्ही ठरवले की डोळ्यांनी अंक द्यायचा नाही, पिशवीत हात घालून उचलायची आणि जमिनीकडे पाहायचे. कोरड्या फरशीवर डाग नसेल तर दोन, पुसट थर असेल तर तीन, बोटांत आकार मोडला तर चार. त्या दिवसापासून आमचे अंक जुळू लागले. गवतावर ही कसोटी तितकीशी चालत नाही, कारण उरलेला थर पात्यांत दिसेनासा होतो. म्हणून अंक घेण्याची वेळ आम्ही सकाळची, अंगणातल्या फरशीवरची ठरवली.

घट्टपणाला इतके महत्त्व का, हेही समजून घेण्यासारखे आहे. अन्नाचे पचन आणि शोषण मुख्यतः लहान आतड्यात होते, आणि पुढे आलेल्या पातळ मिश्रणातले पाणी शोषून त्याला घट्ट रूप देण्याचे काम मोठे आतडे करते. मिश्रण मोठ्या आतड्यातून घाईने पुढे सरकले, किंवा आतड्याचे अस्तर सुजले, तर पाणी शोषायला वेळ आणि जागा मिळत नाही आणि विष्ठा सैल होते. ते तिथे जास्त रेंगाळले तर तिचे खडे होतात. म्हणजे तक्त्यावरचा अंक हा प्रामुख्याने पाण्याचा हिशेब आहे. हे ध्यानात आले की तक्ता काय सांगू शकतो आणि काय सांगू शकत नाही, दोन्ही स्पष्ट होते.

पद्धतीतला एक गोंधळ येथेच सांगितला पाहिजे. कुत्र्यांसाठी एकच सर्वमान्य तक्ता नाही. पुरिना या खाद्यकंपनीची पद्धत सात अंकांची आहे, तर वॉल्थम या पाळीव प्राण्यांच्या आहारावर संशोधन करणाऱ्या संस्थेची पद्धत एक ते पाच अशी, मध्ये अर्ध्या अंकांसह आहे. दोन्हींत लहान अंक म्हणजे कडक आणि मोठा अंक म्हणजे पातळ. परंतु सातपैकी चार म्हणजे थोडी बिघडलेली शी, आणि पाचपैकी चार म्हणजे जवळजवळ जुलाब. डॉक्टरांना फोनवर नुसते "चार आहे" सांगून उपयोग नाही, कितीपैकी चार तेही सांगावे लागते. माणसांसाठी ब्रिस्टल तक्ता प्रसिद्ध आहे आणि त्यातही सातच प्रकार आहेत, पण त्यात तिसरा आणि चौथा प्रकार आदर्श मानतात. तो तक्ता कुत्र्याला लावला तर मऊ, बिघडलेली विष्ठा उत्तम ठरेल आणि निरोगी कुत्र्याला बद्धकोष्ठ असल्याचा समज होईल.

पहिल्या महिन्याने मला सर्वांत उपयोगी गोष्ट दिली ती म्हणजे सोनीची स्वतःची सरासरी. ती रोज दोनदा जाते. सकाळची शी जवळजवळ नेहमी दोन, संध्याकाळची बहुधा तीन. धावपळ किंवा पाहुण्यांच्या गडबडीनंतर एकाच वेळच्या शीचा पहिला भाग दोन आणि शेवटचा चार असतो. अशा मिश्र विष्ठेसाठी तक्त्यात जागाच नाही. सुरुवातीला मी मधला अंक लिहीत असे, पण त्यातून काहीच कळत नसे. आता मी दोन्ही अंक मध्ये तिरकी रेघ देऊन लिहिते. शेवटचा भाग अधूनमधून मऊ असणे अनेक निरोगी कुत्र्यांत दिसते, परंतु तो रोजच चार-पाच येऊ लागला तर त्याची दखल घ्यावी, असे डॉक्टरांनी सांगितले. प्रौढ कुत्र्याचे दिवसातून एक ते तीन वेळा जाणे सामान्य आहे, पिल्ले त्याहून जास्त वेळा जातात, आणि चोथा जास्त असलेल्या खाद्याने शीचे प्रमाण वाढते. त्यामुळे दुसऱ्याच्या कुत्र्याशी तुलना करून घाबरण्याला अर्थ नाही.

आता तक्त्यातली उणीव, जिच्यामुळे मी हे लिहायला बसले.

वापर सुरू करून चारेक महिने झाले असतील. वहीत अंक दिसत होते तीन, तीन, चार, तीन. तक्त्याच्या हिशेबाने हे थोडे सैल, पण घाबरण्यासारखे काही नव्हते. तिसऱ्या प्रकाराच्या वर्णनात "पृष्ठभाग ओलसर" असे लिहिलेले आहे, आणि सोनीच्या शीवर तशीच ओली चकाकी होती, म्हणून मी निर्धास्त तीन लिहीत गेले. एके दिवशी सकाळच्या तिरप्या उन्हात ती चकाकी मला निराळी दिसली. ते पाणी नव्हते. विष्ठेच्या लांबट आकारावर पातळ, पारदर्शक, किंचित पिवळसर पापुद्रा चढलेला होता, पिशवीतून दोन बोटांत धरून ओढला तर तो तारेसारखा ताणला जात होता आणि त्याच्या शेवटच्या टोकाला सुईच्या अग्राएवढा ताज्या रक्ताचा ठिपका होता. ती आव होती. मग मागचे आठवू लागले: सोनी एकदा बसून झाल्यावर चार पावलांवर पुन्हा बसत होती, कुंथत होती आणि थेंबभर काहीतरी टाकून उठत होती. हे मी पाहिले होते, पण तक्त्यात त्याला रकाना नव्हता, म्हणून लिहिले नव्हते.

आव आणि ताजे लाल रक्त, वारंवार थोडी थोडी शी, घाई आणि कुंथणे ही लक्षणे मोठ्या आतड्याच्या बिघाडाकडे बोट दाखवतात. लहान आतड्याचा बिघाड वेगळा दिसतो: शी करण्याच्या वेळा फारशा वाढत नाहीत, पण प्रत्येक वेळी प्रमाण मोठे असते, आव सहसा नसते आणि दुखणे लांबले तर वजन उतरते. दोन्ही प्रकारांत तक्त्यावरचा अंक पाच किंवा सहा, एकसारखाच येऊ शकतो. डॉक्टरांना मात्र नेमका हाच फरक हवा असतो, कारण पुढची तपासणी कोणत्या दिशेने न्यायची ते त्यावरून ठरते.

विष्ठा-तपासणीचा माझा पहिला अनुभव चांगला नव्हता, आणि त्यात मोठा वाटा माझ्या अज्ञानाचा होता. आदल्या संध्याकाळची शी मी पिशवीत बांधून रात्रभर बाहेर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नेऊन दिली. तपासणीत काही निघाले नाही. नमुना शक्य तितका ताजा, काही तासांच्या आतला असावा; लगेच नेता येत नसेल तर घट्ट झाकणाच्या डबीत, खाण्याच्या पदार्थांपासून वेगळा, शीतकपाटात ठेवावा आणि दिवसभराच्या आत पोहोचवावा. उबेत राहिलेल्या नमुन्यात अंकुशकृमींची अंडी फुटून अळ्या बाहेर येतात, आणि जिआर्डियासारखे नाजूक जीव ओळखू येईनासे होतात. गवत-माती न लागलेला, सुपारीएवढा भाग पुरतो. आव असेल तर ती जिथे आहे तो भाग मुद्दाम घ्यावा. हे सगळे नमुना स्वीकारणाऱ्या माणसाने मला आधी सांगायला हवे होते. ती पिशवी माझ्याकडून निमूटपणे घेतली गेली याचे मला आजही वाईट वाटते.

दुसऱ्या वेळी मी तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने दिले. पहिले दोन कोरे निघाले. तिसऱ्यात चाबूककृमीची, म्हणजे मोठ्या आतड्यात राहणाऱ्या एका जंताची, अंडी सापडली, आणि डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शकातून पाहू दिले. तपकिरी, पिंपाच्या आकाराचे अंडे आणि त्याच्या दोन्ही टोकांना बसवल्यासारखी स्वच्छ बुचे. एकदा पाहिल्यावर ते दुसऱ्या कशाचे वाटणार नाही. ही अंडी जड असतात आणि रोज पडत नाहीत. विष्ठा मीठ, साखर किंवा झिंक सल्फेटच्या दाट द्रावणात घोळून अंडी वर तरंगू देणे ही नेहमीची पद्धत आहे, पण नुसते स्थिर ठेवून तरंगण्याची वाट पाहिली तर ही जड अंडी निसटू शकतात; नमुना यंत्रात वेगाने फिरवून घेतला तर सापडण्याची शक्यता वाढते. तपासणी करून घेताना नमुना यंत्रात फिरवतात का, हे विचारायला कोणी संकोच करू नये.

मला धक्का बसला तो आणखी एका गोष्टीचा. सोनीला जंतांचे औषध मी न चुकता देत होते. परंतु प्रत्येक औषध प्रत्येक कृमीवर चालत नाही. पायरँटेल गोलकृमी आणि अंकुशकृमींवर काम करते, प्राझिक्वांटेल पट्टकृमींवर, आणि आमच्या गोळीत ही दोनच होती. चाबूककृमींवर त्यांचा परिणाम होत नाही. डॉक्टरांनी फेनबेंडाझोल दिले आणि तीन महिन्यांनी ते पुन्हा दिले, कारण पोटात गेलेल्या अंड्यापासून पूर्ण वाढलेली, स्वतः अंडी घालणारी कृमी तयार व्हायला जवळजवळ तेवढा काळ लागतो; शिवाय ही अंडी मातीत वर्षानुवर्षे तग धरतात, त्यामुळे अंगणातली विष्ठा त्याच दिवशी उचलणे हा उपचाराचाच भाग ठरतो. गोलकृमींच्या बाबतीत तर यात घरातल्या मुलांचेही हित आहे. त्यांची अंडी ताज्या विष्ठेत संसर्गक्षम नसतात, ती मातीत काही आठवडे राहिल्यावर होतात आणि मग माणसालाही बाधतात.

पट्टकृमींबाबत एक गोष्ट तपासणीच्या अहवालापेक्षा डोळ्यांना आधी दिसते. शीवर किंवा शेपटीखालच्या केसांत तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसतात, ताजे असताना ते आकसतात आणि पसरतात, वाळल्यावर पिवळट होतात. अंडी या तुकड्यांतच बंद असल्यामुळे तरंगवण्याच्या तपासणीत ती अनेकदा सापडत नाहीत. सर्वसाधारणपणे आढळणारी ही पट्टकृमी पिसवांमार्फत येते. पिसवांचा बंदोबस्त न करता नुसती गोळी दिली तर ते तुकडे पुन्हा दिसू लागतात.

रंगाचा रकाना तक्त्यात नाही, ही दुसरी मोठी उणीव. विष्ठेचा तपकिरी रंग पित्तातल्या द्रव्याचे आतड्यात रूपांतर होऊन येतो, म्हणून पित्त आतड्यात उतरलेच नाही तर ती राखाडी, मातकट दिसते, आणि हे यकृत किंवा पित्तवाहिनीच्या दुखण्याचे लक्षण असू शकते. फिकट, तेलकट, भरपूर प्रमाणात होणारी शी, अफाट भूक आणि तरीही उतरणारे वजन असे एकत्र दिसले तर स्वादुपिंडाचे पाचकरस कमी पडत असण्याची शंका घेतात. जर्मन शेफर्ड जातीत हा विकार जास्त आढळतो, आणि त्याचे निदान शी पाहून नव्हे तर रक्ताच्या तपासणीने होते. हाडे चघळणाऱ्या कुत्र्याची शी पांढरट, खडूसारखी आणि कडक होते. लाल रंग आतड्याच्या शेवटच्या भागातल्या ताज्या रक्ताचा असतो. सर्वांत फसवा रंग काळा. डांबरासारखी काळी, चिकट शी म्हणजे जठरात किंवा लहान आतड्यात झालेला रक्तस्राव पचून बाहेर आलेला असू शकतो, पण लोहाच्या गोळ्या, बिस्मथ किंवा कोळशाचे औषध दिले असेल तरीही शी काळी होते. डॉक्टरांनी मला एक साधी युक्ती सांगितली: थोडी शी ओल्या पांढऱ्या कागदावर दाबायची, कडेने तांबूस वलय पसरले तर रक्ताचा संशय पक्का धरायचा. वलय नाही आले म्हणून मात्र निर्धास्त होऊ नये.

म्हणून मी तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला मार्करने स्वतःचे रकाने आखले: रंग, वरचा थर, आत काय दिसले, किती वेळा, कुंथली का. आत काय दिसले या रकान्यात केस, गवत, खेळण्याचे तुकडे असे लिहिते. येथे एक सावधगिरी सांगते. गुदद्वारातून दोरा किंवा कापडाची चिंधी लोंबताना दिसली तर ती ओढून काढण्याचा मोह होतो, पण तिचे दुसरे टोक आत अडकलेले असेल तर ओढल्याने आतडे चिरले जाऊ शकते. ती तशीच ठेवून थेट डॉक्टरांकडे जावे. कुंथण्याच्या रकान्याचा उपयोग माझ्या भावाला झाला. त्याच्या वयस्क, नसबंदी न केलेल्या कुत्र्याची शी घट्टपणाने ठीक होती, पण फितीसारखी चपटी येत होती आणि तो फार कुंथत होता. वाढलेली पुरस्थ ग्रंथी (प्रोस्टेट) गुदाशयावर दाब देत होती. सात अंकांत याचाही पत्ता लागला नसता.

तक्ता पाहत बसण्याची वेळ कोणती नाही, हेही त्यावर छापायला हवे होते. पिल्लाला रक्ताचे जुलाब आणि उलट्या एकत्र सुरू झाल्या, विशेषतः लसीकरण पूर्ण नसेल तर, पार्व्हो या घातक विषाणुजन्य रोगाची शक्यता गृहीत धरून त्याच तासाला निघावे. प्रौढ कुत्र्यालाही अचानक जेलीसारखी लालभडक शी होऊ लागली, शी काळी डांबरी झाली, कुत्रे मलूल पडले, पाणी पोटात टिकेना, हिरड्या चिकट किंवा पांढुरक्या झाल्या, किंवा मानेची कातडी चिमटीत उचलून सोडल्यावर जागेवर परतायला वेळ लावू लागली, तर अंक कितीही असो, घरी थांबू नये. उलट, खेळकर, पाणी पिणाऱ्या प्रौढ कुत्र्याचे एक-दोन दिवसांचे सैल पोट बरेचदा आपोआप सावरते; खाद्य बदलताना ते सात ते दहा दिवसांत हळूहळू बदलले तर ही वेळही टळते. माणसांची जुलाब थांबवणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने देऊ नये. अशा गोळीतले लोपेरामाइड हे द्रव्य कोली ही कुत्र्यांची जात आणि तिच्या नात्यातल्या काही जातींत, जनुकातल्या एका दोषामुळे, मेंदूपर्यंत पोहोचते आणि गंभीर विषबाधा करते.

छायाचित्र काढण्याबाबत थोडे. अंकासोबत मोबाइलवर छायाचित्र ठेवणे उपयोगी आहे, पण सावलीत, दिवसाच्या उजेडात आणि शेजारी पांढरा कागद ठेवून काढावे, नाही तर विजेच्या दिव्याखाली तपकिरी शीही काळी दिसते आणि उगाच धावपळ होते.

तक्त्याचे मोल मी कमी मानत नाही. त्याने मला रोज वाकून पाहायला लावले, घरातल्या सगळ्यांना एका भाषेत बोलायला शिकवले, आणि खाद्य बदलले तेव्हा नवे खाद्य मानवते की नाही हे पंधरा दिवसांत आकड्यांत दाखवले. बद्धकोष्ठ, खाद्यबदल, औषधानंतरची सुधारणा यांवर लक्ष ठेवण्यासाठी तो पुरेसा आहे, आणि पिल्लू पहिल्यांदाच घरी आणणाऱ्याने तो पहिल्या दिवसापासून लावावा. विष्ठा-तपासणीबाबत माझे मत असे की एका कोऱ्या अहवालावर लक्षणे झटकून टाकू नयेत. आव दिसत असेल तर तीन दिवसांचे तीन नमुने द्यावेत आणि आपण देतो त्या औषधात कोणती द्रव्ये आहेत ते वेष्टनावर वाचून डॉक्टरांना सांगावे. तक्ता नव्याने छापणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे: तिसऱ्या छायाचित्राशेजारी आव चढलेल्या विष्ठेचे एक छायाचित्र द्यावे आणि ओलसरपणा व आव यांतला फरक एका ओळीत लिहावा.

औषध दुसऱ्यांदा दिल्यानंतर घेतलेले सोनीचे तिन्ही नमुने स्वच्छ निघाले. आज सकाळच्या रकान्यात दोन, तपकिरी, थर नाही, एकदा, कुंथली नाही, असे लिहिले आहे. पुढचा नमुना तीन महिन्यांनी द्यायचा आहे. त्यासाठीची डबी मी धुऊन, वाळवून, वर तिचे नाव लिहून ठेवली आहे.